एक प्रश्न, तीन पाट्या

संशोधनासाठी सार्वजनिक पैसा कोणाला द्यावा आणि कोणत्या कसोटीवर द्यावा, हा वाद जुना आहे. मात्र अलीकडे तो ज्या रीतीने घातला जातो, तीत दोन्ही बाजू एकाच चुकीच्या गृहीतकावर उभ्या आहेत, असे मला वाटते. एका बाजूचे म्हणणे असे, की संशोधकाने एक क्षेत्र निवडावे, त्यात मुरावे आणि पाच वर्षांनी हाती काय येईल ते अर्जातच सांगावे. ज्याच्या कारकिर्दीत तारुण्यात कर्करोगकारक द्रव्ये, मध्यम वयात डीएनएचे रसायनशास्त्र आणि पुढे विषाणू असा प्रवास दिसतो, तो हुशार असला तरी भरकटलेला समजावा. दुसरी बाजू अशा माणसाच्या बचावाला धावते खरी, पण ती म्हणते, की शास्त्रज्ञाला मोकळे सोडा, जिज्ञासा त्याला नेईल तिकडे जाऊ द्या, कधी कुठे घबाड सापडेल ते सांगता येत नाही. म्हणजे एक बाजू ज्याला भरकटणे म्हणते, त्यालाच दुसरी स्वातंत्र्य म्हणते. आणि हे तीन वेगवेगळे विषय आहेत, हे दोघेही न तपासताच मान्य करून बसतात. माझे म्हणणे असे, की कर्करोगकारक द्रव्ये, डीएनएचे रसायनशास्त्र आणि विषाणुशास्त्र या प्रयोगशाळेच्या दारावरच्या तीन पाट्या आहेत. गेल्या शतकाचा बराच काळ त्या दारांच्या आत एकच प्रश्न फिरत होता. कारकीर्द जोखायची ती त्या प्रश्नावर; पाट्या किती बदलल्या, यावर नव्हे.

हा प्रश्न कोठून निघाला, हे पाहिल्याशिवाय पुढचे बोलता येणार नाही. 1775 मध्ये लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्यांना होणाऱ्या वृषणकोशाच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. त्यानंतर 140 वर्षांनी, 1915 मध्ये, टोकियोत कात्सुसाबुरो यामागिवा आणि कोइची इचिकावा यांनी सशांच्या कानांना महिनोन्‌महिने दगडी कोळशाचे डांबर लावून कर्करोग प्रत्यक्ष घडवून दाखवला. डांबर म्हणजे शेकडो रसायनांचे मिश्रण. त्यातला नेमका गुन्हेगार कोण, हे शोधण्यासाठी लंडनमध्ये अर्नेस्ट केनवे यांच्या गटाने सुमारे दोन टन पिच, म्हणजे डांबराचा घट्ट साका, वेगवेगळ्या घटकांत विभागत नेला आणि 1933 मध्ये त्यातून बेंझोपायरीन वेगळे केले. येथवर कोणाही समितीला हे काम एका क्षेत्रात बसणारे वाटेल. अडचण यानंतर सुरू होते. रसायनशास्त्रज्ञाच्या नजरेतून बेंझोपायरीन हा सुस्त रेणू आहे. तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, सहजासहजी कशाशी संयोगही पावत नाही. मग असा रेणू जिवंत पेशीत शिरून तिचा स्वभाव कायमचा कसा बदलतो? तो पेशीतल्या कशाला हात लावतो?

या प्रश्नाचे पहिले धड उत्तर विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅकआर्डल प्रयोगशाळेत जेम्स आणि एलिझाबेथ मिलर या दांपत्याने दिले. लोणी पिवळे दिसावे म्हणून पूर्वी वापरले जाणारे एक अ‍ॅझो रंगद्रव्य उंदरांना खाऊ घातले, तर त्याचा अंश यकृतातील प्रथिनांना घट्ट चिकटून बसतो, हे त्यांनी 1947 मध्ये दाखवले. पुढच्या दोन दशकांत त्यांच्या कामातून हे स्पष्ट होत गेले, की परके द्रव्य शरीराबाहेर टाकण्यासाठी झटणारी विकरेच, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिनेच, त्या सुस्त रेणूला इलेक्ट्रॉनांची भूक असलेले आक्रमक रूप देतात. विष बाहेरून येते, पण त्याला धार शरीर लावते. पण प्रथिनाला चिकटलेला रेणू प्रथिनाबरोबर नष्ट होईल. कर्करोग मात्र पेशीच्या पिढ्यान्‌पिढ्या चालू राहतो. जे पुढच्या पिढीला जाते, त्यालाच धक्का लागला असला पाहिजे. 1964 मध्ये लंडनच्या चेस्टर बेट्टी संस्थेतील पीटर ब्रुक्स आणि फिलिप लॉली यांनी उंदरांच्या त्वचेवर या वर्गातली वेगवेगळी द्रव्ये लावून मोजमाप केले आणि त्यांना आढळले, की द्रव्य जितके अधिक घातक तितके ते डीएनएला अधिक चिकटते. प्रथिनांच्या आणि डीएनएवरून उतरवल्या जाणाऱ्या आरएनएच्या बाबतीत असा मेळ बसत नव्हता. त्याआधी हेच दोघे मस्टर्ड वायूचा अभ्यास करत होते आणि तो डीएनएच्या चार अक्षरांपैकी ग्वानिन या अक्षराच्या सातव्या स्थानावरील नायट्रोजनला कसा बिलगतो, हे त्यांनी उलगडले होते. आता विचारतो, कर्करोगकारक द्रव्यांवर काम करणारा जो रसायनशास्त्रज्ञ 1964 नंतर डीएनएकडे वळला, त्याने विषय बदलला की विषयाशी इमान राखले? उलट जो आपल्या पाटीला चिकटून नव्या नव्या डांबरांची यादी वाढवत राहिला, त्याने क्षेत्र सोडले नाही हे खरे. प्रश्न मात्र सोडला.

विषाणूंची कथा दुसऱ्या टोकापासून सुरू होते. 1911 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पेटन राउस यांनी कोंबडीच्या गाठीचा अर्क पेशी अडवणाऱ्या गाळणीतून गाळला, तो निरोगी कोंबडीला टोचला आणि तिलाही गाठ झाली. कर्करोग विषाणूने होतो, हे ऐकायला तेव्हा फारसे कोणी तयार नव्हते. राउस यांना नोबेल मिळाले ते 1966 मध्ये, तब्बल 55 वर्षांनी. दरम्यान 1926 चे पारितोषिक योहानेस फिबिगर यांना एका जंतामुळे उंदरांना जठराचा कर्करोग होतो या शोधासाठी दिले गेले आणि तो शोध पुढे टिकला नाही. ज्यांचा प्रयोग टिकला, त्या यामागिवांना ते कधीच मिळाले नाही. तज्ज्ञ समितीच्या निवाड्यावर डोळे मिटून विसंबणाऱ्यांनी ही दोन नावे शेजारी शेजारी लिहून ठेवावीत. बराच काळ कर्करोगाच्या अभ्यासकांत रसायनवादी आणि विषाणुवादी असे जवळजवळ दोन पंथच होते आणि प्रत्येकाला दुसऱ्याचे पुरावे अपवादात्मक वाटत.

हे भांडण मिटले ते एका पंथाच्या विजयाने नव्हे. मिलर दांपत्याच्याच मॅकआर्डल प्रयोगशाळेत 1960 मध्ये हॉवर्ड टेमिन हे विषाणुशास्त्रज्ञ रुजू झाले. राउसच्या विषाणूचा वारसा आरएनएचा असला, तरी पेशीत शिरल्यावर त्याची डीएनए प्रत बनत असली पाहिजे आणि ती पेशीच्या वारशात मिसळत असली पाहिजे, असे ते 1964 पासून सांगत होते. माहिती डीएनएकडून आरएनएकडे वाहते, उलट नाही, अशीच तेव्हाची समजूत होती, त्यामुळे त्यांच्याकडे काहीशा कीव करणाऱ्या नजरेने पाहिले जाई. 1970 मध्ये त्यांनी आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे डेव्हिड बाल्टिमोर यांनी उलट दिशेने लिहिणारे ते विकर, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज, प्रत्यक्ष हाती दिले. पुढे 1976 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील मायकेल बिशप आणि हॅरोल्ड वार्मस यांच्या गटाने दाखवले, की राउसच्या विषाणूतले कर्करोग घडवणारे जनुक मुळात विषाणूचे नाहीच. ते निरोगी कोंबडीच्या पेशीतले नेहमीचे जनुक आहे, विषाणूने केव्हातरी उचललेले. म्हणजे रसायन पेशीच्या जनुकाला बाहेरून येऊन बिघडवते आणि विषाणू तेच जनुक बिघडलेल्या रूपात आत आणून सोडतो. दोन्ही पंथ एकाच घराच्या दोन दारांशी उभे राहून एकमेकांशी भांडत होते. दोन्ही दारे ज्या खोलीत उघडत होती, ती डीएनएच्या रसायनशास्त्राची.

यावर कोणी म्हणेल, की हा विज्ञानाचा इतिहास झाला, एका माणसाचा नव्हे. क्षेत्रे एकमेकांना मिळतात म्हणून एकाच माणसाने तिन्हींत हात घालावा, असे कोठे सिद्ध होते? आक्षेप रास्त आहे, म्हणून एका माणसाचेच उदाहरण घेतो. चार्ल्स हायडेलबर्गर हे याच मॅकआर्डलमधले जीवरसायनशास्त्रज्ञ. त्यांनी सुरुवात केली ती कर्करोगकारक हायड्रोकार्बनांत किरणोत्सारी कार्बन घालून ते शरीरात कोठे जातात, याचा माग काढण्यापासून. 1954 मध्ये दुसऱ्या एका गटाने नोंदवले, की उंदरांच्या यकृतातील, कर्करोगकारक द्रव्य देऊन घडवलेल्या गाठी युरॅसिल हा आरएनएचा घटक निरोगी यकृतापेक्षा जास्त वापरतात. हायडेलबर्गर यांनी त्यावरून विचार केला: युरॅसिलच्या पाचव्या स्थानावर हायड्रोजनऐवजी फ्लोरिन बसवले, तर पेशी ते खरे युरॅसिल समजून घेईल, पण त्यापासून डीएनएला लागणारे थायमिन बनवताना अडकून पडेल. 1957 मध्ये प्रसिद्ध झालेले हे 5-फ्लुरोयुरॅसिल आजही मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरील उपचारांचा एक आधार आहे. मग त्यांनी त्याच धर्तीवर ट्रायफ्लुरिडीन नावाचे न्यूक्लिओसाइड, म्हणजे डीएनएच्या सुट्या भागासारखे द्रव्य, तयार केले. कर्करोगावर ते तेव्हा फारसे चालले नाही, कारण शरीर त्याची फार लवकर विल्हेवाट लावते. पण 1964 मध्ये नेत्रतज्ज्ञ हर्बर्ट कॉफमन यांच्यासह त्यांनी दाखवले, की डोळ्याच्या बुबुळाला होणाऱ्या हर्पीस विषाणूच्या संसर्गावर ते गुणकारी आहे. 1980 मध्ये अमेरिकेत त्याचे थेंब मान्य झाले. पुढे त्याची विल्हेवाट लावणाऱ्या विकराला रोखणाऱ्या दुसऱ्या द्रव्याशी सांगड घालून 2014 मध्ये जपानमध्ये आणि 2015 मध्ये अमेरिकेत तेच औषध मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी गोळीच्या रूपाने परत आले. कर्करोगकारक द्रव्य, डीएनए, विषाणू आणि पुन्हा कर्करोग: हा प्रवास भरकटलेल्या माणसाचा म्हणायचा का? डीएनए बनवण्याच्या यंत्रणेत खोटा सुटा भाग कसा घुसवावा, हा एकच प्रश्न ते विचारत होते. स्वतःचा डीएनए बनवणारी प्रत्येक गोष्ट, मग ती गाठ असो वा विषाणू, त्या प्रश्नाच्या कक्षेत येते.

आता विरोधी बाजूच्या सर्वांत भक्कम मुद्द्याकडे वळतो आणि तो मी गुळमुळीतपणे मांडणार नाही. तो असा: कर्करोग टाळण्यासाठी यातले बहुतेक काही लागत नाही. पॉट यांना डीएनए माहीत नव्हता, तरी काजळी धुऊन काढावी हे कळायला त्यांचे निरीक्षण पुरेसे होते. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी 1950 मध्ये धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला तो रुग्णांना प्रश्न विचारून आणि आकडेमोड करून. हिपॅटायटिस बी ची लस तैवानमध्ये 1984 पासून नवजात बालकांना देण्यात आली आणि पुढे मुलांमधील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. येथे उद्दिष्ट ठरलेले होते, पैसा त्यावर लावला आणि फळ मिळाले. मग ज्या देशात किंवा ज्या काळात पैसा थोडा आहे, तेथे तो प्रतिबंधावर खर्च करावा की रेणूंच्या कोड्यांवर? हा प्रश्न उर्मट नाही. एखाद्या रुग्णाच्या घरच्यांनी तो विचारला, तर ‘जिज्ञासा’ हे उत्तर देणाऱ्याला लाज वाटली पाहिजे.

तरीही या मुद्द्याची मर्यादा त्याच उदाहरणांत दडलेली आहे. सिगारेट उद्योगाने पुढे कित्येक वर्षे ढाल म्हणून काय वापरले? आकड्यांतला संबंध म्हणजे कारण नव्हे, कर्करोग नेमका कसा होतो ते दाखवा, हीच ती ढाल होती. 1996 मध्ये जेव्हा दिसले, की धुरातल्या बेंझोपायरीनचे आक्रमक रूप पेशीला कर्करोगापासून राखणाऱ्या पी53 या जनुकाच्या अशाच जागांवर चिकटते जेथे फुप्फुसाच्या कर्करोगात बिघाड वारंवार आढळतो, तेव्हा त्या ढालीला उरलासुरला अर्थही राहिला नाही. आकडेवारीने कारवाईसाठी पुरेसे आधीच सांगितले होते, हे मान्य. पण वादात यंत्रणा मागितली जाते आणि ती पुरवणारा माणूस कोठेतरी तयार व्हावा लागतो. आणि जेथे कारणे एकाहून अधिक असतात, तेथे केवळ प्रश्नावलीने भागतच नाही. बुरशी आलेल्या धान्यातून आणि शेंगदाण्यांतून अफ्लाटॉक्सिन पोटात जाते. पण आपण गेल्या वर्षी किती बुरशी खाल्ली, हे कोण सांगू शकेल? अफ्लाटॉक्सिन यकृतात आक्रमक रूप घेऊन ग्वानिनच्या सातव्या नायट्रोजनला चिकटते, म्हणजे मस्टर्ड वायू चिकटतो त्याच जागी. आणि तो जोड तुटून लघवीत उतरतो. शांघायमध्ये 18,000 हून अधिक पुरुषांच्या लघवीचे नमुने साठवून केलेल्या अभ्यासात 1990 च्या दशकात दिसले, की केवळ अफ्लाटॉक्सिनच्या खुणा असलेल्यांत यकृताच्या कर्करोगाचा धोका सुमारे साडेतीन पट होता, केवळ हिपॅटायटिस बी चा विषाणू असलेल्यांत सुमारे सात पट, आणि दोन्ही असलेल्यांत सुमारे साठ पट. साडेतीन आणि सात यांची बेरीज तर सोडाच, गुणाकारही साठ होत नाही. कर्करोगकारक द्रव्य, डीएनएवरचा त्याचा ठसा आणि विषाणू हे तिन्ही एकाच अभ्यासाच्या हिशेबात आले, तेव्हाच धान्य कोरडे साठवणे आणि लस देणे या दोन उपायांचा खरा भाव समजला. प्रतिबंध हवा म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये, की हा त्यांच्याच बाजूचा पुरावा आहे आणि तो तीन पाट्यांखालून मिळून आला.

दुसरा आक्षेप खोलीचा. एका क्षेत्रात वीस वर्षे घालवल्याशिवाय त्यातल्या खाचाखोचा कळत नाहीत आणि नवख्या प्रांतात शिरलेला नामवंत सर्वांत जास्त नुकसान करतो. याला लायनस पॉलिंग यांच्याइतके बोलके उदाहरण नाही. रासायनिक बंधांचा एवढा जाणकार, पण 1953 मध्ये त्यांनी डीएनएचे तीन धाग्यांचे प्रारूप मांडले आणि त्यात रसायनशास्त्राची अगदी प्राथमिक चूक होती. पुढे क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने कर्करोगाचे रुग्ण अधिक जगतात, असे ते आणि त्यांचे सहकारी हिरिरीने सांगू लागले. मेयो क्लिनिकच्या नियंत्रित चाचण्यांत, 1979 मध्ये आणि पुन्हा 1985 मध्ये, त्याचा काही उपयोग दिसला नाही. हे उदाहरण मी टाळत नाही, कारण माझ्या मुद्द्याला तेच नेमके करते. पॉलिंग कर्करोगाकडे गेले तेव्हा त्यांनी आपली हत्यारे बरोबर नेली नाहीत, आपले नाव नेले. तुलनेचे रुग्ण कसे निवडावेत, ही त्या नव्या प्रांताची पहिली शिस्त त्यांनी मानली नाही.

त्यांच्या शेजारी रोझलिंड फ्रँकलिन यांना उभे करून पाहा. 1942 पासून त्यांनी दगडी कोळशावर काम केले, पॅरिसमध्ये कार्बनवर, 1951 पासून लंडनच्या किंग्ज कॉलेजात डीएनएवर, आणि 1953 नंतर बर्कबेक कॉलेजात तंबाखूच्या पानावरील मोझॅइक विषाणूवर. कोळसा, डीएनए, विषाणू: कागदावर यापेक्षा विस्कळीत कारकीर्द कोणती दिसेल? पण धड स्फटिक नसलेल्या, अर्धवट व्यवस्थित पदार्थाची रचना क्ष-किरणांनी कशी वाचावी, हे एकच कसब त्या सर्वत्र घेऊन गेल्या आणि प्रत्येक नव्या पदार्थापुढे त्यांनी ते नव्याने पारखून घेतले. 1958 मध्ये, वयाच्या 37 व्या वर्षी, त्या कर्करोगाने गेल्या. विषाणूंवरचे ते काम पुढे नेणाऱ्या अ‍ॅरन क्लुग यांना 1982 मध्ये नोबेल मिळाले. ब्रूस एम्स यांचा प्रवास उलट दिशेचा. साल्मोनेला जिवाणू हिस्टिडीन हे अमिनो आम्ल कसे बनवतात, या अभ्यासातून ते कर्करोगकारक द्रव्यांकडे आले. हिस्टिडीन बनवू न शकणाऱ्या जिवाणूंवर संशयित रसायन टाकून किती जिवाणू ती क्षमता परत मिळवतात, हे मोजण्याची त्यांची चाचणी 1970 च्या दशकापासून जगभर वापरली जाते. त्या बशीत उंदराच्या यकृताचा अर्क घालावा लागतो, कारण विषाला धार यकृत लावते, हा मिलर दांपत्याचा धडा. खोली हवीच, ती कसबात हवी, पत्त्यात नव्हे.

आणि एकाच प्रांतात मुरलेला माणूस चुकत नाही, हे तरी कोठे खरे आहे? पीटर ड्यूसबर्ग हे राउसच्या विषाणूवर मूलभूत काम केलेले, त्या कुळातल्या विषाणूंचे मुरलेले जाणकार. त्याच कुळातल्या एचआयव्हीमुळे एड्स होत नाही, असे ते 1987 पासून सांगू लागले आणि पुरावे वाढत गेले तरी मागे हटले नाहीत. दक्षिण आफ्रिकेच्या अध्यक्षांनी 2000 मध्ये नेमलेल्या सल्लागार मंडळात त्यांना स्थान मिळाले. तेथे औषधे पोहोचायला झालेल्या उशिराची किंमत माणसांनी जिवाने मोजली. त्यांनी विषय बदलला नव्हता.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो. मी हायडेलबर्गर, टेमिन, फ्रँकलिन यांची नावे घेतो, पण पाट्या बदलून काहीच हाती न लागलेल्यांची नावे इतिहास राखत नाही. जिंकलेल्या घोड्यांवरून शर्यतीचे नियम ठरवू नयेत. हे खरे आहे, आणि ‘मोकळे सोडा’ म्हणणारी बाजू नेमकी येथे कच्ची पडते, कारण योगायोगाच्या गोष्टी सांगण्यापलीकडे तिच्याजवळ उत्तर नसते. माझे उत्तर योगायोगाचे नाही. एझेडटी हे औषध जेरोम हॉर्विट्झ यांनी डेट्रॉइटमध्ये 1964 मध्ये कर्करोगासाठी बनवले आणि ते फसले. हेच औषध 1987 मध्ये एड्सवरचे पहिले मान्य औषध ठरले. गोष्ट सांगणारे येथे ‘नशीब’ म्हणून थांबतात. पण ते चालले कशामुळे? त्या रेणूच्या साखळी जोडणाऱ्या जागेवर पुढची कडी बसूच शकत नाही आणि टेमिन–बाल्टिमोर यांचे विकर त्याला फसते. हे विकर 1970 मध्ये सापडले नसते, तर 1983 मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाज बारे-सिनूसी यांना रुग्णाच्या पेशींत त्याचीच हालचाल मोजून तो विषाणू ओळखता आला नसता आणि जुन्या कपाटातले औषध काढून पाहावे, असेही कोणाला सुचले नसते. फसलेल्या कामाचा उपयोग झाला, कारण ते कशाने फसते आणि कशाने चालेल हे कळण्याइतके रसायनशास्त्र जवळ होते. असे रसायनशास्त्र मागे ठेवणारे अपयश आणि काहीच मागे न ठेवणारे अपयश यांत समितीला फरक करता येतो. करायचा ठरवला तर.

1971 मध्ये अमेरिकेने कर्करोगाविरुद्ध कायदा करून जे ‘युद्ध’ पुकारले, त्याचा दाखला दोन्ही बाजू आपापल्या सोयीने देतात. माणसाच्या कर्करोगाचे विषाणू शोधण्याचा खास कार्यक्रम तेथे 1964 पासूनच चालू होता आणि त्यातून अपेक्षित विषाणूंची रांग काही निघाली नाही. 1974 मध्ये नॉर्टन झिंडर यांच्या समितीने तर तो कार्यक्रम बंद वर्तुळात कंत्राटे वाटतो, अशी कठोर टीका केली. टीका योग्य होती. पण त्या वर्षांत विषाणू वाढवण्याची, ओळखण्याची आणि विकरे मोजण्याची जी कसबे आणि माणसे तयार झाली, त्यांच्यामुळेच 1980 च्या दशकात एड्सचा विषाणू ओळखायला दोन-तीन वर्षे पुरली. म्हणून ‘उद्दिष्ट ठरवून दिलेला पैसा वाया जातो’ हेही खोटे आणि ‘उद्दिष्ट ठरवले की ते गाठले जाते’ हेही खोटे. यंत्रणा कळलेली असेल तेथे उद्दिष्ट ठरवावे. कळलेली नसेल तेथे प्रश्न नीट धरून ठेवणाऱ्याला पैसा द्यावा.

तेव्हा व्यवहारात काय करावे? अर्जातला ‘क्षेत्र’ हा रकाना राहू द्यावा, कारण कार्यालयांना रकाने लागतात. पण त्याच्या शेजारी अर्जदाराने गेली पंधरा-वीस वर्षे कोणता प्रश्न धरून ठेवला आहे, ते एका परिच्छेदात लिहायला सांगावे, आणि नव्या प्रांतात शिरताना तेथली कोणती शिस्त तो शिकला व त्याची कोणती जुनी समजूत तेथे मोडली, हेही विचारावे. शेवटच्या प्रश्नाला ज्याच्याकडे उत्तर नाही, तो हत्यारे नव्हे तर नाव घेऊन आला आहे, असे समजायला हरकत नाही. अडचण एकच आहे आणि ती किरकोळ नाही: हा परिच्छेद वाचणार कोण? समितीवर एक विषतज्ज्ञ, एक जीवरसायनतज्ज्ञ आणि एक विषाणुतज्ज्ञ बसवले, तर प्रत्येकाला तो अर्ज दोन-तृतीयांश परका वाटेल आणि तिघेही सद्‌भावनेने त्याला मध्यम गुण देतील. मध्यम गुणांच्या अर्जाला पैसा मिळत नाही. म्हणून समितीत निदान एक जण असा हवा, ज्याने स्वतः एकदा तरी पाटी बदलली आहे.